पालथा हंडा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका घरात चला. तुम्ही फरशीवर बसला आहात. समोर बाटल्यांची रंगीत झाकणं तुम्ही एका ओळीत मांडली आहेत. सगळं शांत आहे. तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी मोठ्यानं हाक देतं आणि घरातली सगळी माणसं पळत सुटतात. भांडी आदळतात, शेजारच्या मोटारी घरघरायला लागतात. कुणाच्या तरी पायानं तुमची झाकणं उडतात. तो आवाज तुमच्या दातांपर्यंत झणझणतो. हे कशासाठी आणि किती वेळ चालणार, ते कुणी सांगत नाही. सांगत असतील, तर ते शब्द तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. काय कराल? मी असतो तर ओरडलो असतो.

लातूरच्या त्या घरात सहा वर्षांचा संघपाल ओरडायचाच. स्वतःच्या मनगटाला चावायचा, कान दाबून भिंतीला डोकं लावायचा.

ही गडबड कसली, ते सांगतो. लातुरात नळाला रोज पाणी येत नाही. आठ-दहा दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा. आज येईल असा अंदाज आला, की बाया सकाळीच घरातलं उरलेलं शिळं पाणी ओतून देतात. हंडे, कळश्या, बादल्या विसळून मांडून ठेवतात. मग 'नळ आले' अशी हाक उठली, की एकच पळापळ. पाणी भरून झालं, की सगळ्यांच्या अंघोळी मात्र पोटभर होतात. एरवी तांब्या मोजून वापरायचा, त्या दिवशी अख्खी बादली.

संघपालला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा काही ताप-खोकल्यासारखा आजार नाही, त्यामुळे औषधानं तो जात नाही. अशा मुलाचा मेंदू जन्मापासूनच जगाकडे वेगळ्या रीतीनं बघतो. कुणाला आवाज फार लागतात, कुणाला बोलणं उशिरा येतं, कुणाचा रोजचा क्रम मोडला की त्याला पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. एक मूल दुसऱ्यासारखं नसतं. संघपाल बोलत नव्हता. पण त्याला समजत नव्हतं, असं मात्र नाही.

त्याची आई महामाया एका शाळेत शिकवायची. संघपालसाठी तिनं नोकरी सोडली. वडील आनंदराज जिल्हा परिषदेत कारकून. बँडबाजा असतो म्हणून या घरानं लग्नांना जाणं सोडलं होतं. रेणापूरच्या एका लग्नात संघपाल ओरडला, तेव्हा कुणीतरी पाहुण्यानं पोराला धाकात ठेवा, असा सल्ला दिला होता. महामाया ताटावरून उठून आली होती. अकरा वर्षांच्या समीक्षाच्या मैत्रिणी घरी यायच्या, तर संघपाल त्यांच्या चपला उचलून मापाप्रमाणे ओळीत लावायचा. मैत्रिणी हसायच्या. समीक्षाला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर कधी कधी संघपालचाही.

मदतीला नायगावहून आनंदराजांची आई, पार्वतीबाई आजी आली होती.

एका दुपारी महामायाचं डोकं दुखत होतं म्हणून ती जरा आडवी झाली. आजी दळण आणायला गेली. ती परतली तेव्हा पायरीवरून पाण्याचा लोट वाहत होता. पाणी येऊन फार दिवस झाले नव्हते, पुढचं लांब होतं, आणि संघपालनं घरातलं भांडं अन् भांडं रिकामं केलं होतं. शेजारच्या कुसुमकाकूंनी दारातूनच टोमणा मारला, की आम्ही थेंब थेंब पुरवतोय आणि तुमच्याकडे ओढा वाहतोय. एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दोन घागरी भरून घेऊन आल्या.

संध्याकाळी आनंदराज आले. ते ओरडले नाहीत, मुलाला हातही लावला नाही. शांतपणे म्हणाले, आता पुढचं पाणी आलं की आजीनं संघपालला घेऊन नायगावला जावं. तिथं बोअर आहे, मोकळी जागा आहे. तो तिथंच राहील. महामायालाही विसावा मिळेल.

महामायानं नको म्हटलं नाही, ती ओली फरशी पुसत राहिली. समीक्षाला त्याचीच भीती वाटली. संघपाल नुकताच लातूरच्या एका विशेष शाळेत जाऊ लागला होता. तिथल्या बाईंच्या मांडीला मांडी लावून बसू लागला होता. नायगावात त्या बाई कुठून येणार?

ती उठून मागच्या मोरीकडे गेली. संघपाल नळाखाली बसला होता. अंगातले कपडे काढलेले, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी. तो कोरड्या तोटीकडे टक लावून बघत होता.

समीक्षा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग आत येऊन म्हणाली, "पप्पा, संघूनं पाणी सांडलं नाही. तो नळ आणत होता."

"म्हणजे?"

"आपण दर वेळी काय करतो? आधी सगळं ओतून देतो. मग नळ येतो. मग अंघोळ. त्याला अंघोळ पाहिजे होती, म्हणून त्यानं ओतलं. आता वाट बघत बसलाय."

आनंदराज मोरीच्या दारात जाऊन उभे राहिले. "एवढा विचार करतो व्हय हा?"

"तुझ्यापेक्षा जास्तच करतो," आजी म्हणाली. "ल्हानपणी शेळी पेंड खात न्हाई म्हणून तू तिला सवता खाऊन दाखवली होतीस. लई हगवण लागली तुला. मी धाडलं का तुला कुठं?"

महामायाला हसू आलं, फार दिवसांनी. आनंदराज मात्र हसले नाहीत. पुढचं पाणी येऊ द्या, त्या दिवशी तो कसा राहतो ते बघू, एवढंच म्हणाले. आपण एक दिवसच बघतोय, महामाया मात्र रोज सोसते, हेही म्हणाले. ते खोटं नव्हतं.

शाळेतल्या बाईंनी महामायाला सांगितलं होतं, की या मुलाला ऐकण्यापेक्षा बघून जास्त कळतं. पुढं काय होणार ते त्याला डोळ्यांनी दिसू द्या. महामायानं रिकामे हंडे भिंतीकडेला सुलटे मांडले. पाणी यायला जितके दिवस उरल्याचा अंदाज होता, तितके. पिण्यावापरण्याचं टँकरचं पाणी मागच्या पिंपात होतं. रोज दिवेलागणीला समीक्षा संघपालला घेऊन बसायची आणि त्याच्यासमोर एक हंडा पालथा करायची. एक सुलटा हंडा म्हणजे एक दिवस बाकी, सगळे पालथे झाले की नळ.

सुरुवातीला तो समीक्षाला जवळ येऊ देईना. तिनं पालथा केलेला हंडा तो लगेच उलटवायचा. आजी म्हणायची, घर हाय का भांड्याचं दुकान. समीक्षा कंटाळली, एकदा रडलीसुद्धा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. मग एका संध्याकाळी पालथा हंडा पालथाच राहिला. संघपालनं ओळीवरून नुसता हात फिरवला. कुसुमकाकूंना सांगून ठेवलं, की पाण्याची मोटार लावायच्या आधी आम्हाला हाक मारा, म्हणजे संघपाल आवाजानं दचकणार नाही. त्या म्हणाल्या, "मारते की. हाकेला काय वीज लागते?" आनंदराज हे सगळं लांबून बघायचे. हंड्यांना त्यांनी कधी हात लावला नाही.

शेवटचा हंडा पालथा झाला. दुसरा दिवस उजाडला. बादल्या विसळून मांडल्या. दुपार टळली, नळ आले नाहीत. कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली होती. दिवस मावळला तरी तोटी कोरडीच.

दाराजवळ आजीची पिशवी भरून ठेवलेली होती. तिच्या शेजारी संघपालच्या कपड्यांची छोटी पिशवी. आनंदराज नुकतेच कचेरीतून आले होते, पायातले बूटही काढले नव्हते.

संघपाल तोटीसमोर उभा होता. त्याच्या घशातून बारीक घुमल्यासारखा आवाज यायला लागला. घरातल्या सगळ्यांना तो ओळखीचा होता, त्याच्यानंतर काय होतं तेही. महामाया जागची हलली नाही. समीक्षा त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"संघू, आज नाही. उद्या."

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. पालथ्या हंड्यांच्या ओळीकडे बघितलं. घुमणं चालूच होतं. मग ते थांबलं. तो वळला, आनंदराजांच्या शर्टाची बाही धरून त्यांना भिंतीपाशी घेऊन गेला, त्यांचा हात उचलून शेवटच्या हंड्यावर ठेवला, आणि वर आपला हात ठेवून तो हंडा पुन्हा सुलटा केला.