आणि बंधू

त्याने मशीनच्या पोटात तेलाचे दोन थेंब सोडले, चाक हाताने फिरवून पाहिलं आणि लेकीला सांगितलं की वेबसाइटला दुकानाच्या पाटीवर आहे तेच नाव घाल, त्यात एवढं डोकं चालवण्यासारखं काय आहे.

लेक काउंटरवर लॅपटॉप मांडून बसली होती. शिलाई मशीन दुरुस्त करून घेणारी माणसं हल्ली पाट्या वाचत येत नाहीत, मोबाइलवर शोधत येतात; आणि चौकातला कालपरवाचा कारागीर तिथे सापडतो, आपण सापडत नाही, हे तिने सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. वेबसाइटच्या नावाबद्दल तिची मतं ठाम होती. छोटं हवं. काम काय ते नावातच कळायला हवं. फोनवर एकदा सांगितलं की ऐकणाऱ्याला लिहिता यायला हवं. परीक्षा म्हणून तिने घरी आईला फोन लावला. 'शिलाई दुरुस्ती' आईने एका दमात लिहून घेतलं. आडनाव, पुढे 'आणि बंधू', पुढे 'शिलाई यंत्र दुरुस्ती केंद्र' एवढं सांगून होईपर्यंत आईचं गॅसवरचं दूध उतू जायला आलं आणि फोन बंद झाला.

"निदान 'आणि बंधू' तरी काढू या," लेक म्हणाली. "बंधू कोण शोधणार, बाबा?"

त्याने तिसरा थेंब सोडला. दोनच पुरतात.

बंधू, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, अकरा वर्षांपूर्वी विजेवरच्या मशिनींपायी दुकान सोडून गेला. धाकट्याचं म्हणणं, त्याही दुरुस्तीला घ्याव्यात. याने सुनावलं, जिला पाय लावावा लागत नाही तिला आपण हात लावणार नाही. हे वाक्य तेव्हा त्याचं त्यालाच फार आवडलं होतं. धाकट्याने आपले पाने-पेचकस आवरले आणि तो परगावी निघून गेला. कुठल्या, हे विचारायचं राहिलं. त्याच्या स्टुलावर आता सुट्या भागांचे डबे होते. विजेची मशीन घेऊन येणाऱ्यांना चौकातल्या कारागिराकडे पिटाळणं चालू होतं. पाटी मात्र याने दोनदा नव्याने रंगवून घेतली, आणि दोन्ही वेळा रंगाऱ्याला बजावलं की एक अक्षर कमी करायचं नाही.

बापाचा हट्ट ओळखून लेक म्हणाली की दोन्ही नावं घेऊन टाकते. छोटं मोकळं होतं. लांबलचक मात्र कुणीतरी आधीच घेतलेलं निघालं.

"हे कोण घेईल?" ती पुटपुटली आणि तिने ते उघडलं.

पानावर एकच फोटो होता. याच दुकानाची पाटी, पहिल्या रंगातली. पाटीखाली दोन रिकामी स्टुलं. बाकी एक अक्षर नाही. लेकीने नोंद काढली. मालकाचं नाव झाकलेलं. नऊ वर्षांपूर्वी घेतलेलं, गेल्याच महिन्यात मुदत वाढवलेली.

"दरवर्षी वाढवावी लागते?"

"दरवर्षी. विसरलं की हातचं जातं."

त्याने चिंधीने एकेक बोट पुसलं. पुसून झालेलीही पुन्हा पुसली.

"मालकाला निरोप पाठवता येतो इथून," लेक हळूच म्हणाली. "नाव परत मागू?"

"नको. आहे तिथे बरं आहे."

"मग निरोपात काय लिहू?"

तो मशीनचं चाक फिरवत राहिला. सुई दहाबारा वेळा खालीवर झाली. सुईत दोरा नव्हता.

"लिही, विजेच्या मशिनी येतात हल्ली दुरुस्तीला," तो म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही."