एका शब्दावर ओतलेला बॅरल

टोपडं. सरकीच्या तेलाचा वास. एक इंग्रजी शब्द. फुस्स. गटारीतून वाहत गेलेलं चांगलं पाणी.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच गोष्टीतलं आहे. मी एक जुना निळा बॅरल आहे. सोलापुरात राहतो.

पूर्वी माझ्यात सरकीचं तेल भरून येई. मग धोंडिरामने मला बाजारातून सायकलला बांधून घरी आणलं. त्याच्या आईने, मीनाबाईने, राखेने घासघासून वास काढला. थोडा राहिलाच. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. मधले दिवस सगळं घर माझ्यावर. पाहुण्यांसमोर मीनाबाई मला थोपटून म्हणे, "ह्यो हाय म्हणून आमी हाय."

नळ यायच्या दिवशी जुनं पाणी इथे 'शिळं' होतं. ते ओतायचं, बॅरल धुवायचा, ताजं भरायचं. पण तोटीला धार दिसल्याशिवाय मीनाबाई मला हात लावत नसे.

त्या संध्याकाळी लावला.

धोंडिरामची बायको बुद्धप्रिया बाळंत झाली होती. सकाळी बाळाला घेऊन दवाखान्यातून येणार होती. शेजारचे बसवराज अण्णा, टॉवेल कारखान्यातले सुपरवायझर, दारातूनच म्हणाले, "अक्का, पहाटे पाणी डेफिनेटली येणार!"

मीनाबाईने कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला विचारलं, "प्रतिक्षा, ह्ये काय गं म्हणत्यात?"

"नक्की, आई. 'बहुतेक' नाही, 'येईल वाटतं' नाही. मनात तीळभर शंका नसेल तेव्हाच म्हणायचं. मी डेफिनेटली पास होणार, असं."

"गेल्या साली बी नक्की म्हणाली व्हतीस की!"

"आई!"

"आसू दे. अण्णा शिकलेला माणूस हाय. लेकराच्या घरातल्या पहिल्या आंघुळीला शिळं पाणी नगं."

आणि तिने मला आडवं केलं.

मित्रांनो, मी हादरलो. धार नाही, थेंब नाही, आणि माझ्या पोटातलं सगळं गटारीला! एका शब्दावर! मी तोंड वासून अंगणात पडून राहिलो.

पहाट. तोटीतून नुसती हवा. फुस्स. पाईप कुठेतरी फुटला होता. मग रिक्षा. मग बाळाचं रडणं.

मीनाबाई माझ्यात वाकली. "आता लेकराला कशानं न्हाऊ घालू?" तिचा आवाज माझ्या तळाला आपटून तिच्याकडेच परत गेला.

"अण्णा, तुमी डेफिनेटली म्हणला व्हता!"

"अक्का, ती कारखान्यातली सवय हो. साहेब पण म्हणतात, माल उद्या डेफिनेटली. म्हणजे... बहुतेक."

"मग बहुतेकच म्हणायचं की! बहुतेकवर मी बॅरल वतला नसता."

अण्णा खाली मान घालून गेले आणि दोन घागरी भरून घेऊन आले. पाणी तापलं. बाळ न्हालं. टोपडं चढलं. मी कोपऱ्यात कोरडाच उभा होतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. 'नक्की' म्हणा, नाहीतर 'डेफिनेटली' म्हणा. पण म्हणण्याआधी आत डोकावून बघा, खात्री भरलेली आहे का. माझ्यावर थाप मारलीत तर कळेल, रिकामा असलो की मी जास्त वाजतो. शब्दाचंही तसंच. तुम्ही तो वाजवून निघून जाता, आणि कुणीतरी त्याच्या भरवशावर आपलं भरलेलं ओतून टाकतं.

आदल्या संध्याकाळी बसवराज अण्णांनी स्वतःचा बॅरल ओतला नव्हता.