किटलीबाई, कुणाला तरी सांगा

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. ॲल्युमिनियमची, पोटाने गोल आणि तोटीने जराशी वाकडी. कारखान्यात पत्र्यावर ठोके पडताना शेवटचा ठोका चुकला आणि तोटी डावीकडे झुकली. दुकानात मला म्हणूनच बरेच दिवस कुणी हात लावला नाही. शेवटी एका बाईंनी मला उचललं, हातात तोलून पाहिलं आणि म्हणाल्या, "वाकडी असली तरी आपल्या माणसांसारखीच आहे." तो टोमणा होता की कौतुक, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

खाली पुस्तकबांधणीचं दुकान आणि वर राहायच्या खोल्या, असं ते घर. दुकान दोघा भावांचं. बाई थोरल्याची बायको, म्हणून धाकट्याची वहिनी. माझ्या दृष्टीने त्या घराच्या मालकीणच. थोरला पानं शिवायचा, धाकटा पुठ्ठे चढवायचा. दुपारी खळीने चिकटलेले हात धुऊन दोघे बाकावर बसत आणि मी वाफाळत मध्ये विराजमान होई. एक घोट पोटात गेला की थोरल्याची आठी सुटायची आणि धाकट्याला गाणं सुचायचं. गाणं बेसूर असे, पण चहाबरोबर खपून जाई. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

मग एका जाडजूड पुस्तकाला पुठ्ठा उलटा लागला. नाव खाली डोकं वर पाय! गिऱ्हाइकासमोर थोरला म्हणाला, चूक धाकट्याची. धाकटा म्हणाला, पानंच उलटी शिवून दिली होती. शब्दाने शब्द वाढला आणि दोघांनी अबोला धरला. पण एकत्र काम करायचं तर बोलावं लागतंच. तेव्हा दोघे माझ्याशी बोलू लागले.

"किटलीबाई, कुणाला तरी सांगा, दाभण जागेवर ठेवत जा म्हणावं," असं थोरला माझ्याकडे बघून म्हणे.

"किटलीबाई, कुणाला तरी सांगा, दाभण त्यांच्याच मांडीखाली आहे," असं धाकटा सांगे.

वहिनी कपाळाला हात लावत. मी मात्र निरोप्याचं काम इमानेइतबारे केलं. चहाच्या वेळी का होईना, दोघांच्या तोंडातून शब्द फुटत होते. तेवढा एक धागा उरला होता आणि तो माझ्या कानाला बांधलेला होता.

तोही तुटला. थोरल्याला सतत थकवा येऊ लागला, म्हणून वहिनी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, साखर बंद, चहातलीसुद्धा. वहिनी घाबरलेल्या होत्या. जिना चढता चढता त्यांच्या डोक्यातून मधलं 'तली' कुठेतरी सांडलं आणि घरात फर्मान निघालं, "साखर बंद, चहासुद्धा!"

मला दुकानातल्या उंच फळीवर चढवण्यात आलं. माझ्या पोटात दोऱ्याची रिळं भरली. मित्रांनो, चहाच्या किटलीत रिळं!

माझं जाऊ द्या, खाली काय चाललं होतं ते ऐका. पथ्याने थोरल्याचा आजार हळूहळू ताब्यात येत होता, पण माणूस मिटत चालला होता. दुपार झाली की तो बाकावर बसे आणि रिकाम्या जागेकडे बघत राही. धाकटा कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा मागवी आणि अर्धा टाकून परत येई. आता निरोप नाही, टोमणा नाही, गाणं तर नाहीच. दुकानात फक्त कात्री चाले. त्या घरावर माझा फार जीव होता आणि वरून ते बघणं मला सोसत नव्हतं.

पुढच्या तपासणीला वहिनींनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आम्ही चहासुद्धा सोडला. डॉक्टर चक्रावले. म्हणाले, अहो, मी साखर म्हणालो होतो. बिनसाखरेचा कपभर चहा यांना चालेल. नेमाने चहा पिणाऱ्यांच्या काळजाला थोडा फायदा होत असावा असंही काही अभ्यास सांगतात, पण ते औषध नव्हे आणि अति तर नकोच. मग थोरल्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "मात्र एकट्याने पिऊ नका. सोबतीचा गुण मला मोजता येत नाही, पण तो येतो."

घरी येताच वहिनींनी रिळं ओतली आणि मला घासूनपुसून चुलीवर चढवलं. धाकट्यासाठी साखरेचा डबा बाकावर ठेवला. त्याला चहा म्हणजे जवळजवळ पाकच लागायचा. त्याने डबा बाजूला सारला, तसाच चहा ओठाला लावला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

थोरला बघत होता. सवयीने तो माझ्याकडे वळला. "किटलीबाई..." म्हणाला आणि थांबला. मग मान वळवून सरळ भावाकडे बघितलं.

"तुला कशाला रे बिनसाखरेचा? तुला काय झालंय?"

"तुला झालंय ना, दादा," धाकटा म्हणाला. "मग तू एकट्याने कडू का प्यायचं?"

थोरल्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला. वहिनींनी आपल्या कपातही साखर घातली नाही. त्या दिवसापासून माझी निरोप्याची नोकरी गेली. दोघे अजूनही भांडतात, पण समोरासमोर. नोकरी गेल्याचा असा आनंद कुणाला झाला नसेल.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, तूर्त दूधच प्या. आम्हा किटल्यांना बाहेरून चकचकीत केलं नाही तरी चालेल, आतून नीट विसळत जा. आणि तुमच्या घरातलं एखादं माणूस माणसांशी बोलायचं सोडून भांड्याकुंड्यांशी बोलू लागलं, तर त्याची थट्टा करू नका. आम्ही सगळं ऐकतो, पण आम्हाला उत्तर देता येत नाही. ते तुम्हीच द्यायचं असतं.