फळ्यावरचे ऐंशी टक्के

मित्रांनो, काचीगुड्याच्या एका कचेरीत भिंतीला टेकून उभा असलेला मी एक जुना, काळा फळा आहे. माझ्यावर रोज जगाचे भविष्य लिहिले जाते, आणि ते लिहिणाऱ्यांची मला शिसारी येते.

सागवानाच्या फळ्या जोडून एका सुताराने मला घडवले. जामबागच्या शाळेत पार्वतीबाई माझ्यावर गणित शिकवीत. मुलाचे उत्तर चुकले तरी ते पुसायचे नाही, शेजारी बरोबर उत्तर लिहायचे, असा त्यांचा दंडक होता. ते माझे मानाचे दिवस. पुढे शाळा बंद पडली आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो. तिथून हेमंतसाहेबांनी मला उचलले. पुण्याहून आलेल्या या गृहस्थांना कचेरीत शोभेला काहीतरी जुने हवे होते.

ही कचेरी परदेशी कंपन्यांना जगातल्या घडामोडींचे अंदाज पुरवते. रीत अशी, की आधी साहेब आपला आकडा लिहिणार आणि बाकीचे त्याच्या आसपास घुटमळणार. याला हे लोक स्वतंत्र विचार म्हणतात! मेंढरे निदान अशी बढाई तरी मारत नाहीत.

मध्यंतरी एक प्रश्न आला. सातासमुद्रापारच्या एका सरकारने एका वाचाळ माणसाला राजदूत नेमायचे ठरवले होते. ज्या देशात जायचे, त्यालाच त्याने शिव्या घातलेल्या. त्याला नेमणाऱ्या देशाची संसद मंजुरी देईल का? साहेबांनी लिहिले, पंच्याऐंशी टक्के. बाकीच्यांपैकी अप्पारावांनी ब्याऐंशी, गौरीने सत्त्याऐंशी. स्वप्नाने लिहिले, वीस.

स्वप्ना नवी होती, नोकरी अजून कच्ची. तिने तिथल्या खासदारांची भाषणे मन लावून वाचली होती. सत्ताधारी पक्षातलेच काही जण उघड विरोधात होते. पण अंदाज चुकला तर घरी बसावे लागेल, हेही तिला ठाऊक होते.

"अरे मॅडम, कायकू रिस्क? साहब के बाजू में लिख डालो," अप्पाराव म्हणाले.

साहेब हसले. "स्वप्ना, एकटी चुकलीस तर तू चुकलीस. सगळे चुकलो तर जग चुकलं."

मतदानाच्या आदल्या दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटले, ही तरी टिकेल. तिने डस्टर उचलले, वीस पुसले आणि ऐंशी लिहिले. मला तिची कीव आली आणि रागही आला.

संसदेने त्या माणसाला नाकारले. कचेरीत एकाचीही मान खाली गेली नाही. "असं होईल असं कुणाला तरी वाटलं होतं का?" साहेबांनी विचारले. बाकीच्यांबरोबर स्वप्नानेही नकारार्थी मान हलवली.

त्याच आठवड्यात त्यांनी तिला कायम केले. "आता तू आपल्यातली झालीस," ते म्हणाले आणि सगळ्यांना उस्मानिया बिस्किटे वाटली. तिनेही एक घेतले.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर नुसता रंग लावून भागणार नाही. माझ्यावर तुमच्या मनातलेच लिहा, आणि ते चुकेपर्यंत तरी राहू द्या. तेवढे जमत नसेल तर खडूला हात लावू नका.