कधीही न चुकलेली वाटी

मी एक जुनी तांब्याची वाटी आहे. माझ्या बुडाला सुईच्या टोकाएवढे भोक आहे आणि तेच माझे भूषण. हसू नका मित्रांनो! खोरासानच्या एका कोरड्या गावात दोनशे घरे या भोकावर जगत होती.

एका विद्वान उस्तादाने चाळीस दिवस उन्हाच्या सावल्या मोजून ते पाडले. मला पाण्याच्या घंगाळात सोडत. पाणी भोकातून आत चढे, मी बुडे, की एक वाटी वेळ झाला. डोंगराचे पाणी जमिनीखालच्या लांब बोगद्यातून, म्हणजे कारीझमधून, गावात येई. कोणाच्या शेताला किती वाट्या, ते माझ्यावर ठरे. पाण्यातल्या चुन्याने भोक बुजू नये म्हणून दर नवरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, त्यातून घोड्याचा केस फिरवत. माझ्यापुढे भांडखोरही गप्प बसत. मला गर्व चढला होता, खोटे कशाला बोलू?

पुढे वरच्या अंगाला कोणीतरी पंप बसवला आणि आमचे पाणी आटू लागले. बोगदा खोल करायला कारीझ खणणारा बुर्झू उभ्या विहिरीतून खाली उतरला. अंगात पांढरे कपडे. खाली काही झाले तर तेच कफन, म्हणून आमच्याकडे तसेच घालतात. खालची हवा वाईट, म्हणून सात वाट्या झाल्या की माणसाला दोराने वर ओढायचे, असा नियम होता.

मला पाण्यात सोडणाऱ्या सफरअली काकांची नजर मंदावली होती. तीन नवरोज केस फिरला नव्हता. भोकाला चुना धरला होता आणि मी सावकाश बुडत होते. मला कळत होते, पण सांगणार कशी?

बुर्झूची बायको खावर पिठाची परात घेऊन विहिरीच्या तोंडाशी बसली होती.

"काका, किती झाल्या?"

"चार."

"चारच? अहो, पीठ परातीबाहेर आलं की! पूर्वी पाचव्या वाटीला नुसतं फुगायचं ते."

"आंबवण जास्त पडलं असेल, पोरी. आठ पिढ्या ही वाटी चुकली नाही. आता तुझी परात तिला शिकवणार का?"

सगळे हसले. खावर हसली नाही.

"दोर ओढा म्हणते ना!"

कोणी हात लावला नाही. वाटीआधी दोर ओढणे म्हणजे वाडवडिलांना खोटे पाडणे. शेवटी ती एकटीच रहाटाला भिडली. तिचे तळहात सोलले, तेव्हा कुठे दोघे धावले.

बुर्झू वर आला. त्याच्या हातातला दिवा विझलेला होता आणि त्याचा श्वासही थांबला होता.

आज मी शहरात काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे: 'इराणी विद्वत्तेचा नमुना. कधीही न चुकलेली वाटी.' लोक माना डोलावतात. मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

एकदा एक म्हातारी आली. काचेला कपाळ टेकवून ती माझे बूड न्याहाळत राहिली.

"काय शोधताय, आजी?" पहारेकऱ्याने विचारले.

"चुना," खावर म्हणाली. "अजून तसाच आहे."

मित्रांनो, पूर्वजांचे कौतुक जरूर करा. पण आधी कोणीतरी घोड्याचा एक केस आणा.