‘तर’ आणि ‘तरी’

मामांच्या पत्राला मी सात वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं, पत्ता पुसट होता, असलं काही कारण नव्हतं. एका पानाचं पत्र, अक्षर गिरवल्यासारखं. ‘सर, ऑफिसला काही कळवू नका. माझा हात कडीवर होता, एवढंच मला दोन ओळींत लिहून द्या. त्या पोरीला दाखवीन. ती आमच्याच गल्लीत राहते. मला बघितलं की रस्ता ओलांडते.’

मी एका शाळेत ग्रंथपाल होतो आणि मामा तिथल्या प्रयोगशाळेचे शिपाई. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, अतिरेकी हल्ला झाला तर काय करायचं ते शिकवायला पोलीस ठाण्यातून एक फौजदारबाई आल्या. दिवे बंद, मुलं भिंतीला चिकटून खाली, दाराला आतून कडी. जाताना त्यांनी सूचनांचा कागद माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “तुम्ही पुस्तकातले. एवढं जरा नीट करून द्या. आमची भाषा पंचनाम्याची.”

कागदावर होतं: ‘बाहेरून आवाज आला तर नाव व वर्ग विचारावा. खात्री पटल्याशिवाय दार उघडू नये.’ मला ते पसरट वाटलं. दारावर लावायचं, लांबून वाचता आलं पाहिजे. मी कात्री चालवली: ‘बाहेरून आवाज आला तरी दार उघडू नये.’ दोन वाक्यांचं एक झालं, वाढली ती फक्त एक वेलांटी. मी स्वतःवर खूश झालो. मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली. फौजदारबाईंना दाखवायचं राहून गेलं.

सरावाचा भोंगा वाजला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो, परत न आलेलं एक पुस्तक मागायला गेलो होतो. तीसेक मुलं टेबलांखाली शिरली. मामांनी कडी लावली. जिन्यात पोलिसांनी फटाक्यासारखे दोन बार काढले आणि लगेच दारावर थापा पडू लागल्या. सहावीतली एक मुलगी पाणी प्यायला गेली होती, ती बाहेरच राहिली होती.

“मामा, मी आहे. उघडा ना.”

“आपलीच आहे,” मामा पुटपुटले. त्यांचा हात कडीवर गेला. मी त्यांचं मनगट धरलं आणि दारावरच्या कागदाकडे बोट केलं.

“अहो सर, लेकरू आहे.”

“नियम आहे,” मी म्हणालो. आपलं लिहिलेलं पहिल्यांदाच कुणीतरी पाळतंय, असंही तेव्हा मनात आलं होतं. ते आठवलं की आजही कान तापतात.

थापा थांबल्या. मुलीला हल्ला खराच वाटला. ती व्हरांड्याच्या कठड्यावरून खालच्या पत्र्यावर उतरायला गेली आणि पडली. पाय दोन ठिकाणी मोडला. बरा झाला, पण आखूड राहिला.

चौकशीत विचारलं, दाराशी कोण होतं? मामा म्हणाले, “मीच होतो. पण उघडायला सरांनी अडवलं.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “गडबडीत नीट आठवत नाही.” मामा माझ्यावर भडकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान खाली घातली, लाज जणू त्यांचीच होती. मूळ कागद कुणी मागितला नाही, मीही दिला नाही. मामांना गोदामात टाकलं. मला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. वर्षभराच्या आत ते पत्र आलं. मूळ कागदाबरोबर मी ते घरच्या शब्दकोशात ठेवून दिलं.

गेल्या आठवड्यात नातीने दप्तरातून एक कागद काढला. “आजोबा, उद्या सराव आहे. तुम्ही विचारा, मी पाठ सांगते.”

चौथी ओळ माझी होती. या शाळेतून त्या शाळेत उतरवून घेत घेत ती आमच्या घरी आली होती, वेलांटीसकट.

“मी बाहेर राहिले तर?” नातीने विचारलं.

“तर आपलं नाव सांगायचं.”

“पण ‘तरी उघडू नये’ लिहिलंय ना.”

सूनबाई आतून म्हणाली, “कुणी लिहिलंय हे? त्यालाच एकदा बाहेर उभं करा.”

“मी लिहिलंय,” मी म्हणालो.

“बाबा, तुम्ही पण ना.”

बायको हसली नाही. “ह्यांना थट्टा कुठे जमते? खरंच असेल.”

मी सगळं सांगितलं. नातीसमोर सांगावं लागलं, ती उठून जाईना. ऐकून झाल्यावर ती हळूच जाऊन आईजवळ बसली. बायको म्हणाली, “शब्दकोशातलं पत्र ते हेच ना? तो शब्दकोश मी दर महिन्याला पुसते. तुम्ही बोलाल म्हणून गप्प बसले होते. सात वर्षं म्हणजे काही कमी झाली का?”

सकाळी मूळ कागद घेऊन मी नातीच्या शाळेत गेलो. तिथल्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, “हे ठाण्याचं वाक्य आहे, आम्हाला बदलता येणार नाही.” मी म्हणालो, “ठाण्याचं हे आहे. ते मी बिघडवलेलं.” त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, मग मला वाचलं, आणि ठाण्यात फोन लावला. सराव दोन दिवस पुढे गेला.

घरी येऊन उत्तर लिहायला बसलो. पहिल्या पाच कागदांवर ‘त्या वेळची परिस्थिती’ हे शब्द आले. ते फाडले. सहाव्यावर लिहिलं: ‘मामा, तुमचा हात कडीवर होता. मी तुमचं मनगट धरलं. दारावरचं वाक्य माझं होतं. चौकशीत मला सगळं आठवत होतं. हे मुलीला दाखवा आणि ऑफिसलाही दाखवा.’ खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

मामा त्याच पत्त्यावर असतील का, ठाऊक नाही. मुलगी आता एकोणीस वर्षांची असेल. ती कदाचित हे वाचणारही नाही.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट तोललं. “साधं पाठवायचं की तातडीचं?”

“तातडीचं,” मी म्हणालो, आणि त्यांनी शिक्का मारेपर्यंत खाली बघत उभा राहिलो.