चाचे पटले का?

त्र्याण्णवच्या मे महिन्यात, दिवा स्टेशनजवळच्या एका बिल्डिंगच्या गच्चीवर शिवरामचं डोकं फिरलं होतं. अंतराळात जहाजं लुटणाऱ्या चाच्यांचा फाशांवरचा खेळ त्याने खपून रचलेला, आणि पहिल्याच डावात मित्र तुषार त्याची अक्कल काढत होता.

"अरे, एवढ्या पोकळीत चाचे जहाज गाठणार कसे? लांबूनच दिसतील. जहाज सुसाट निघून जाईल. काय पण फेकतोस!"

"जहाज कुठेतरी थांबणारच ना, गाढवा?"

"कशाला थांबेल?"

तेवढ्यात खालून हाक आली, "टँकर आला रे!" दोघं हंडे घेऊन धावले. टँकर रिकामा होता. अलीकडच्या नाक्यावर शेजारच्या चाळीने तो अडवून सगळं पाणी काढून घेतलेलं. शिवरामने हंडा रस्त्यावर आपटला.

तुषार लालबुंद झालेला. "उद्या आपण त्यांच्याही आधी उभे राहू," तो दात-ओठ खात म्हणाला. "फाटकाच्या वळणावर. तिथे त्याला स्पीड कमी करावाच लागतो. काठ्या घेऊन ये."

"आणतो काठ्या," शिवराम खेकसला. "पण आधी बोल, चाचे पटले का?"